औषध-सुरक्षेची रेसिडेन्सी: अमेरिकेत हे प्रशिक्षण घ्यायचं असेल तर

फार्म.डी. ही फार्मसीची पदवी करणारी मराठी मुलं-मुली अमेरिकेतल्या रेसिडेन्सीबद्दल, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाबद्दल, विचारतात तेव्हा प्रश्न बहुतेक आयसीयू, कॅन्सर किंवा संसर्गजन्य आजारांच्या शाखांचे असतात. औषध-सुरक्षा आणि औषध-धोरण ही शाखा क्वचितच कोणाच्या यादीत असते. असली तरी "ते कमिट्या आणि कागदपत्रांचं काम ना?" ही शंका सोबत येते. शंका अगदीच खोटी नाही. या वर्षात कमिट्या पुष्कळ असतात आणि लिहावंही पुष्कळ लागतं. मात्र लिहिलेला नियम रात्री तीन वाजता, माणसं कमी असताना, नवख्या नर्सच्या हातीही टिकतो का, हे पाहायला शिकणं म्हणजे हे प्रशिक्षण. अर्ज करण्यापासून महत्त्वाच्या प्रकल्पापर्यंत प्रत्येक टप्प्यावर हीच कसोटी लावा, असं मी नवख्यांना सांगते आणि पुढचं सगळं त्याच कसोटीवर लिहिलं आहे.

आधी रचना समजून घ्या

अमेरिकेत फार्म.डी.नंतर रेसिडेन्सी सक्तीची नाही, पण मोठ्या रुग्णालयात वरच्या जबाबदारीचं काम हवं असेल तर ती जवळजवळ लागतेच. पहिलं वर्ष सर्वसाधारण, त्याला पीजीवाय-१ म्हणतात. दुसरं वर्ष एका शाखेचं, ते पीजीवाय-२. कार्यक्रमांना मान्यता देण्याचं काम अमेरिकन सोसायटी ऑफ हेल्थ-सिस्टिम फार्मासिस्ट्स, म्हणजे एएसएचपी, ही संस्था करते. आपली शाखा दुसऱ्या वर्षाची आहे आणि तिचं नाव 'मेडिकेशन-यूज सेफ्टी अँड पॉलिसी'. पूर्वी औषध-माहिती आणि औषध-सुरक्षा यांच्या रेसिडेन्सी वेगळ्या होत्या, नंतर त्या एकत्र केल्या. म्हणून या वर्षाला दोन अंगं आहेत: चुका शोधून व्यवस्था सुधारणं हे एक, आणि रुग्णालयात कोणतं औषध ठेवायचं, कोणाला, कोणत्या अटींवर द्यायचं हे ठरवणं हे दुसरं.

ही शाखा उभी राहण्यामागे एक इतिहास आहे. १९९४ मध्ये बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर संस्थेत आरोग्याच्या बातम्या देणाऱ्या एका पत्रकार रुग्णाचा केमोथेरपीच्या अतिमात्रेने मृत्यू झाला. चार दिवसांत मिळून द्यायची मात्रा रोज दिली गेली होती. पुढे १९९९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने अमेरिकी रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत असा अंदाज मांडला आणि हा विषय घराघरात गेला. आज बहुतेक मोठ्या रुग्णालयांत 'मेडिकेशन सेफ्टी ऑफिसर' हे पद असतं आणि त्या खुर्चीत बहुधा फार्मासिस्ट असतो. ही रेसिडेन्सी त्या खुर्चीची तयारी आहे.

पात्रता: इथे अनेकांची गल्लत होते

अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजातून फार्म.डी. केलं असेल तर रस्ता सरळ आहे. भारतातून शिकून आलेल्यांना आधी एनएबीपी या तिथल्या राज्य फार्मसी मंडळांच्या संघटनेचं, परदेशी पदवीधरांसाठीचं एफपीजीईसी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यासाठी कागदपत्रांची छाननी, इंग्रजीची टोफेल आणि फार्मसीच्या ज्ञानाची एफपीजीईई ही परीक्षा. मेख अशी की १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांसाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम असण्याची अट आहे. आपली चार वर्षांची बी.फार्म. त्यात बसत नाही. फार्मसी कौन्सिलने २००८ पासून सुरू केलेली सहा वर्षांची फार्म.डी. बसते. नुसत्या बी.फार्म.वर अमेरिकेत एम.एस. करून आपण फार्मासिस्ट होऊ, या समजुतीवर कर्ज काढणारी घरं पाहिली की वाईट वाटतं. एम.एस.ने कंपन्यांमधली दारं उघडतात, फार्मासिस्टचा परवाना त्याने मिळत नाही.

प्रमाणपत्रानंतर राज्याच्या नियमाप्रमाणे इंटर्नशिपचे तास, मग नॅपलेक्स ही परवान्याची परीक्षा आणि बहुतेक राज्यांत कायद्याची वेगळी परीक्षा. रेसिडेन्सीचा किमान दोन तृतीयांश काळ परवानाधारक फार्मासिस्ट म्हणून काढावा लागतो, त्यामुळे परीक्षा पुढे ढकलत राहिलात तर जागा मिळूनही हातची जाऊ शकते. व्हिसाची चौकशी सगळ्यात आधी करा. अनेक रुग्णालयं रेसिडेंटसाठी व्हिसा पुरस्कृत करत नाहीत आणि ते त्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात एका ओळीत असतं.

पैशाचंही स्पष्ट बोललेलं बरं. रेसिडेंटचं मानधन नोकरीतल्या फार्मासिस्टच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. कामाच्या तासांना चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० ही मर्यादा आहे. शनिवार-रविवारच्या पाळ्या असतातच. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

पहिल्या वर्षात पाया घाला

पीजीवाय-१ पूर्ण केल्याशिवाय पीजीवाय-२ नाही. पहिल्या वर्षाकडे केवळ पायरी म्हणून पाहू नका. सुरक्षेचं काम करणाऱ्याला औषध वॉर्डात प्रत्यक्ष कसं पोहोचतं हे हाताला माहीत असावं लागतं. आयव्ही रूममध्ये शिरेतून द्यायच्या औषधांच्या पिशव्या बनवा, रात्रपाळी करा, बालरोग विभागात वजनावरून मात्रा काढा. ज्याने कधी गर्दीच्या वेळी फोन खांद्यावर धरून ऑर्डर तपासली नाही, त्याने लिहिलेला तपासणीचा नियम वॉर्डात कोणी पाळत नाही, आणि न पाळणाऱ्यांचं चुकतं असंही मला वाटत नाही.

याच वर्षी एक छोटं काम अंगावर घ्या: औषधवापराचा आढावा. एखादं औषध निवडा, समजा व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक किंवा रक्त पातळ करणारं एखादं, आणि ते ठरलेल्या निकषांप्रमाणे दिलं जातं का ते केसपेपर काढून पाहा. मुलाखतीत बोलायला याहून चांगला विषय मिळत नाही.

कार्यक्रम निवडताना काय विचाराल

रुग्णालयाच्या नावावर भाळू नका. मी तरी पुढच्या गोष्टी विचारीन. रेसिडेंटला घटनांच्या नोंदी थेट वाचायला मिळतात की कोणीतरी गाळून दिलेला तक्ता मिळतो? मूळ कारण शोधण्याच्या बैठकीत तो बसतो की मिनिट्स लिहितो? औषधनिवडीच्या समितीपुढे प्रस्ताव स्वतः मांडतो का? शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाची औषधयादी कोण बघतं, आणि त्या माणसाबरोबर काम करायला मिळेल का? आणि शेवटचा, माझ्या मते सर्वांत बोलका प्रश्न: मागच्या रेसिडेंटने केलेला बदल आज चालू आहे का? उत्तर देताना प्रिसेप्टर, म्हणजे रेसिडेंटला शिकवणारा फार्मासिस्ट, अडखळला तर त्याची नोंद मनात ठेवा.

आधीच्या रेसिडेंट्सशी वेगळं बोला. बहुतेक कार्यक्रम त्यांचे ईमेल स्वतःहून देतात.

रेसिडेन्सीशिवाय आणखी एक वाट आहे. पेन्सिल्व्हेनियातली इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस, म्हणजे आयएसएमपी, ही ना-नफा संस्था एक वर्षाच्या फेलोशिप देते. तिथे देशभरातून आलेल्या चुकांच्या नोंदी हाताळायला मिळतात. जागा अगदी मोजक्या असतात.

अर्ज आणि वेळापत्रक

अर्ज फोरकास या एकत्रित प्रणालीतून नोव्हेंबरपासून भरता येतो. डिसेंबरमध्ये एएसएचपीचं मोठं अधिवेशन असतं, तिथे कार्यक्रमांची दालनं लागतात आणि पीजीवाय-२च्या प्राथमिक मुलाखतीही होतात. अर्जाच्या मुदती डिसेंबर अखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, मार्चच्या सुरुवातीला पसंतीक्रम आणि मार्चच्या मध्यावर 'मॅच'चा, म्हणजे दोन्ही बाजूंचे पसंतीक्रम जुळवून जागा ठरवण्याचा, निकाल. उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी होते. निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो, म्हणून जिथे जायचंच नाही ते नाव यादीत घालू नका. ज्या रुग्णालयात पीजीवाय-१ करत असाल तिथेच ही शाखा असेल तर मॅचच्या आधीच जागा पक्की करण्याची सोय असते. या शाखेत जागा तुलनेने कमी असल्यामुळे काही ठिकाणी त्या अशाच भरून जातात. पहिलं वर्ष कुठे करायचं हे ठरवताना हे लक्षात घ्या.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. त्यातलं एक तरी अशा व्यक्तीचं घ्या जिने तुम्हाला वादाच्या प्रसंगी शांत राहून बोलताना पाहिलं आहे. या कामात सर्जन, नर्स, संगणक विभाग, खरेदी विभाग अशा सगळ्यांशी मतभेद होतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांबरोबर काम करायचं असतं.

रुजू झाल्यावर: आधी फिरा

पहिल्या दिवशी तुमच्या हातात पॉलिसींची जाडजूड फाइल येईल. ती वाचा, पण त्याआधी वॉर्डात जाऊन बसा. एक औषध निवडा, उदाहरणार्थ इन्शुलिन, आणि डॉक्टरच्या ऑर्डरपासून रुग्णाच्या दंडापर्यंत त्याच्या मागे मागे जा. फार्मसीत कोणी तपासलं, वॉर्डातल्या कुलूपबंद संगणकी कपाटातून कोणी काढलं, रुग्णाच्या मनगटावरचा बारकोड खरंच स्कॅन झाला की टेबलावर चिकटवलेली जादा पट्टी स्कॅन झाली? अशी पट्टी दिसली तर लगेच रागावू नका. विचारा: मनगटावरचा कोड का वाचला जात नाही? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, पट्टी ओली होते, स्कॅनरची वायर पलंगापर्यंत पोहोचत नाही, बाळाच्या मनगटावर कोड वळतो. नियम मोडण्यामागे बहुधा असं एक अगदी साधं कारण असतं आणि ते दूर करणं हे तुमचं काम आहे.

याच काळात धोक्याच्या औषधांची यादी तोंडपाठ करा: इन्शुलिन, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, रक्त पातळ करणारी हेपारिन-वॉरफेरिन, तीव्र पोटॅशियम क्लोराइड, स्नायू शिथिल करणारी औषधं, केमोथेरपी. यांच्याबाबतीत चूक जास्त होते असं नाही, झाली तर सुधारायला वेळ मिळत नाही. लिहिण्याच्या सवयीही शिका. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून काही लघुरूपांवर बंदीच घातली आहे. 'युनिट' पूर्ण शब्दात लिहायचं, १ ला १.० लिहायचं नाही कारण टिंब पुसट झालं की १० होतात, आणि अर्ध्याला .५ न लिहिता ०.५ लिहायचं.

नोंदी वाचायला शिका

रोज सकाळी कालच्या घटनांच्या नोंदी वाचणं हा या रेसिडेन्सीचा रियाज आहे. प्रत्येक नोंदीला हानीच्या तीव्रतेप्रमाणे वर्ग द्यायचा असतो. एनसीसी-मर्प या औषधचुकांवर काम करणाऱ्या परिषदेने ठरवलेले ए ते आय असे नऊ वर्ग आहेत. ए म्हणजे चूक अजून झालेली नाही, पण होईल अशी परिस्थिती आहे. बी म्हणजे झाली, पण रुग्णापर्यंत पोहोचली नाही. सी आणि डी पोहोचल्या, हानी नाही. ई पासून हानी सुरू होते आणि आय म्हणजे मृत्यू. नवखे रेसिडेंट साहजिकच खालच्या टोकाकडे, गंभीर घटनांकडे पाहतात. मला ए आणि बी अधिक मोलाच्या वाटतात. तिथे कोणाचं काही बिघडलेलं नसतं, कोणी घाबरलेलं नसतं, आणि सगळे मोकळेपणाने बोलतात.

नोंदींची संख्या कमी झाली म्हणून आनंद मानू नका. एखाद्या वॉर्डातून महिनाभर नोंदच आली नाही तर तिथे चुका थांबल्या असतील किंवा बोलणं थांबलं असेल, आणि दुसरी शक्यता जास्त असते. स्वेच्छेने केलेल्या नोंदींत घडलेल्यापैकी थोडाच भाग येतो. म्हणून खुणा शोधायच्या: अचानक नॅलोक्सोन का लागलं, म्हणजे मॉर्फिन जास्त झालं का? ५० टक्के डेक्स्ट्रोज का वापरलं, म्हणजे इन्शुलिनने साखर उतरली का? व्हिटॅमिन के कोणाला आणि का दिलं, म्हणजे वॉरफेरिन जास्त झालं का? ही औषधं कोणत्या रुग्णांना गेली हे फार्मसीच्या संगणकातून काढता येतं, आणि त्यातून नोंद न झालेल्या घटना हाती लागतात.

नोंद करणाऱ्याशी कसं वागता यावर पुढच्या सगळ्या नोंदी अवलंबून असतात. तिथल्या रुग्णालयांत 'जस्ट कल्चर' ही पद्धत शिकवली जाते. अनवधानाने झालेली चूक असेल तर धीर द्यायचा, धोकादायक शॉर्टकटची सवय असेल तर समजावायचं आणि शॉर्टकट का लागला ते शोधायचं, जाणूनबुजून बेपर्वाई असेल तरच शिस्तीची कारवाई. ज्याच्या हातून घटना घडली त्याला भेटाल तेव्हा पहिला प्रश्न घटनेचा नको. जेवलात का, घरी जायला कोणी सोबत आहे का, हे आधी विचारा. ती व्यक्ती त्या रात्री झोपलेली नसते.

एक घटना सोडवून पाहू

डिसेंबर २०१७ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट रुग्णालयात ७५ वर्षांच्या एका रुग्णाला स्कॅनआधी भीती कमी व्हावी म्हणून मिडाझोलाम लिहिलं होतं. तिथे त्याचं व्यापारी नाव वर्सेड. नर्सने औषधाच्या कपाटाच्या संगणकात नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरं, व्ही आणि ई, टाकली. कपाटाची यादी जेनेरिक नावांची होती, वर्सेड सापडलं नाही. तिने ओव्हरराइड, म्हणजे फार्मासिस्टच्या तपासणीआधीच औषध काढण्याची सोय, वापरून समोर आलेलं व्हेक्युरोनियम काढलं. ते सगळे स्नायू, श्वासाचेही, लुळे पाडणारं औषध. स्कॅनच्या विभागात बारकोड स्कॅनर नव्हता. रुग्ण दगावला. मार्च २०२२ मध्ये नर्सला फौजदारी खटल्यात दोषी ठरवलं गेलं आणि मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. देशभरातल्या नर्स त्या निकालाने हादरल्या.

आता कागद घ्या आणि उपाय लिहा. नर्सने काय पाहायला हवं होतं, ही यादी पटकन होते: मिडाझोलाम द्रव असतं, हे पूड होतं, झाकणावर इशारा छापलेला होता. हे सगळं खरं आहे. त्यावर सुचणारे उपाय म्हणजे सगळ्यांना पुन्हा प्रशिक्षण, भिंतीवर पोस्टर आणि "औषध नीट वाचावे" अशी पॉलिसीत एक ओळ. हे तिन्ही सर्वांत दुबळे उपाय आहेत, कारण ते थकलेल्या माणसाच्या लक्षावर भिस्त ठेवतात.

दुसरी यादी करा. कपाटात शोधताना किमान पाच अक्षरं टाकल्याशिवाय नाव दिसूच नये. आयएसएमपीने नंतर हीच शिफारस केली. स्नायू शिथिल करणारी औषधं सर्वसाधारण कपाटात नकोतच, फक्त श्वासनलिकेत नळी घालण्याच्या सीलबंद पेटीत असावीत. स्कॅनच्या विभागात बारकोडची सोय हवी. ओव्हरराइडने काय काय निघतं याची यादी छोटी करून दर महिन्याला पाहिली जावी. भीतीचं औषध दिल्यावर रुग्णावर लक्ष कोण ठेवणार हे ठरलेलं असावं. या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला पैसे, वेळ आणि कोणाची तरी परवानगी लागते. म्हणूनच ती कठीण आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी एक वर्षाचं प्रशिक्षण लागतं.

मूळ कारण शोधण्याच्या कोणत्याही बैठकीत हे दोन रकाने आखा. गंभीर घटनेचा अभ्यास जॉइंट कमिशनच्या अपेक्षेप्रमाणे ४५ कामकाजी दिवसांत पुरा करायचा असतो. मुदतीच्या घाईत दुबळ्या रकान्यातलं पटकन उचललं जातं. तिथे नम्रपणे अडून बसायची हिंमत शिका.

आणि दुसऱ्यांच्या घटना वाचा. सप्टेंबर २००६ मध्ये इंडियानापोलिसमधल्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना १० युनिटऐवजी १०,००० युनिट प्रति मिलिलिटरचं हेपारिन गेलं, तीन बाळं दगावली. नोव्हेंबर २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका नामांकित रुग्णालयात अभिनेता डेनिस क्वेड यांच्या जुळ्यांच्या बाबतीत नेमकं तेच झालं. ती बाळं वाचली. दोन्ही बाटल्यांची लेबलं निळ्या छटांचीच होती. एका शहरातला धडा दुसऱ्या शहरात वर्षभरात पोहोचला नाही. तुमच्या रुग्णालयात ही घटना होऊ शकते का, हा प्रश्न बाहेरची प्रत्येक बातमी वाचून विचारणं आणि कपाट उघडून पाहणं, ही सवय याच वर्षी लावून घ्या.

धोरणाची बाजू

औषधनिवडीची समिती, जिला सगळे पी अँड टी म्हणतात, रुग्णालयाची औषधयादी ठरवते. रेसिडेंट तिच्यासाठी नव्या औषधाचा अहवाल लिहितो: गुण, दुष्परिणाम, पर्यायी औषधांशी तुलना, किंमत. या शाखेचा रेसिडेंट त्यात एक भाग वाढवतो. नाव कोणत्या जुन्या नावासारखं आहे? हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिनसारख्या जोड्या याच टप्प्यावर पकडायच्या. बाटली कोणासारखी दिसते? फार्मसीतल्या कोणत्या कप्प्यात, कोणाच्या शेजारी राहील? पंपाच्या यादीत कमाल वेग किती लावायचा? बारकोड आपल्या संगणकात वाचला जातो का? समितीच्या मंजुरीआधी ही उत्तरं तयार असली की पहिल्या महिन्यातल्या अर्ध्या भानगडी होतच नाहीत.

टंचाई हा या वर्षातला मोठा धडा. २०२३ मध्ये सिस्प्लाटिन हे कॅन्सरचं औषध अमेरिकेत दुर्मीळ झालं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेच्या तपासणीनंतर गुजरातमधल्या एका कारखान्यातलं उत्पादन थांबणं हे त्याचं मोठं कारण होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातला बॅक्स्टरचा सलाइनचा कारखाना पाण्याखाली गेला. देशाच्या सलाइनपैकी सुमारे ६० टक्के तिथून येत होतं. अशा वेळी रेसिडेंटने रोज साठा मोजायचा, कोणाला तोंडाने द्रव देता येतील, कोणतं प्रतिजैविक पिशवीऐवजी सिरिंजने हळू देता येईल याच्या सूचना लिहायच्या, आणि कोणाला आधी द्यायचं या अवघड निर्णयात नैतिकता समितीला मदत करायची. पण यातला छुपा धोका पर्यायाचा असतो. मॉर्फिन मिळेना म्हणून हायड्रोमॉर्फोन आणलं आणि डॉक्टरांनी सवयीने तितकेच मिलिग्रॅम लिहिले, तर रुग्णाचा श्वास थांबू शकतो, कारण ते कितीतरी पट तीव्र आहे. प्रत्येक पर्यायाबरोबर संगणकातली नेहमीची मात्रा, पंपाची यादी आणि लेबल बदललं का, हे तपासायला एक माणूस नेमा.

वर्षाचा प्रकल्प

छोटा घ्या, शेवटपर्यंत न्या. मेथोट्रेक्सेट हा उत्तम विषय आहे. संधिवातासाठी हे आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. आयएसएमपीच्या २०१४ पासूनच्या शिफारशींत संगणकात 'आठवड्याला एकदा' हीच आपोआप येणारी निवड असावी आणि रोजची ऑर्डर कॅन्सरचं निदान असल्याशिवाय पुढे जाऊच नये, असं सांगितलं आहे. तुमच्या रुग्णालयात हे आहे का ते पाहा. नसेल तर बसवा. मग तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी परत मोजा: किती रोजच्या ऑर्डर अडल्या, त्यातल्या किती योग्य होत्या, लोकांनी कुठून पळवाट काढली. बसवल्यानंतरचं मोजमाप बहुतेक रेसिडेंट वेळेअभावी सोडतात. ऑक्टोबरपर्यंत बदल सुरू झाला नाही तर मोजायला महिने उरत नाहीत, म्हणून विषय रुजू होताच, जुलैमध्येच पक्का करा.

संगणकातले इशारे वाढवताना हात आखडता ठेवा. दिवसभरात डॉक्टरला इतके इशारे दिसतात की तो न वाचता पुढे जातो. एक नवा इशारा मागायचा तर निरुपयोगी दोन काढून दाखवा, असा दंडक मी पाळायला सांगते.

वर्ष संपल्यावर औषध-सुरक्षा अधिकारी, औषधयादीचे व्यवस्थापक, पंप किंवा संगणक प्रणालीचे फार्मासिस्ट अशी कामं मिळतात. अनुभव जमल्यावर रुग्णसुरक्षेचं सीपीपीएस हे प्रमाणपत्र घेता येतं. ते फार्मासिस्टबरोबर नर्स आणि डॉक्टरांनाही खुलं आहे.

अजून नागपूर-पुण्यातच असाल तर

थांबायची गरज नाही. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. मुंबईच्या केईएमसह अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत. १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावरही नोंद करता येते आणि ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीत आहे. तुमच्या कॉलेजच्या केंद्रात नोंदी भरायला बसा. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचची मान्यता असलेल्या रुग्णालयात इंटर्नशिप असेल तर धोक्याच्या औषधांची यादी मागून घ्या आणि वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्युल कुठे ठेवल्या आहेत ते पाहा. आपल्याकडच्या १० मिलिलिटरच्या एका ॲम्प्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, ते पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं, आणि ती बहुतेकदा दिसायला साध्या पाण्याच्या ॲम्प्युलसारखीच असते. सिस्टरांशी बोलून ती वेगळ्या कुलुपात कशी ठेवता येईल ते सुचवा.

ओपीडीत समुपदेशन करताना मेथोट्रेक्सेट घेणारी आजी भेटली तर पाकिटावर "१-०-०" लिहू नका. "फक्त रविवारी, आठवड्यातून एकदाच" असं पूर्ण शब्दांत लिहा. फॉलिक ॲसिडची गोळीही अनेकदा तशीच छोटी, पिवळी असते, ती वेगळ्या डबीत द्या. मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच पाकिटावर मिसळू नका; आपला ४ घाईत इंग्रजी आठसारखा वाचला जातो. मग आजींकडूनच वदवून घ्या: "सांगा बरं, ही गोळी कधी घ्यायची?"

अशा प्रत्येक प्रसंगाची वहीत नोंद ठेवा: काय दिसलं, का घडलं असावं, काय बदललं, महिन्याने पुन्हा पाहिलं तेव्हा काय होतं. रुग्णाचं नाव, केसपेपरचा नंबर, वॉर्डातल्या माणसांची नावं त्यात अजिबात नकोत. पुढे शिफारसपत्र मागायला जाल तेव्हा हीच वही प्रिसेप्टरपुढे ठेवा.